तान्ह्यांची खोली

सरावली,
२४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आई कामावर असते तेव्हा मूल कुणाचं असतं? आपल्या संस्थेच्या रूपलताईंनी पालघरच्या प्रशिक्षणात हा प्रश्न पाळणाघरं चालवणाऱ्या आम्हा सगळ्याजणींना विचारला. कुणी म्हणाली, आईचंच. कुणी म्हणाली, आपलं. मी उभी राहिले आणि मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही. बी.ए.च्या पेपरात न येणारा प्रश्न सोडून पुढे जाता यायचं. हा सोडता येत नाही, कारण मी तिकडे वर्गात उभी होते तेव्हा इकडे आपल्या पाळणाघरात तू एकटी होतीस, आणि दुसऱ्या दिवशी तू निघूनच गेलीस.

फोनवर तू येत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. वीटभट्टीच्या मुकादमाला फोन केला की तो म्हणतो, "बाई कामावर हाय." प्रदीपभाऊजींना केला की ते म्हणतात, "मंग बोलते ती," आणि ते मंग काही येत नाही. विश्रामभाऊंचा टेम्पो तुमच्या भट्टीवरून विटा घेऊन बोईसरला येतो हे मला परवाच कळलं. परत जाताना पत्र नेईन म्हणाले. अक्षर मोठं काढलं आहे. जोडाक्षरं मात्र टाळलेली नाहीत. दुपारी पोरं झोपल्यावर गोष्टींची पुस्तकं तू माझ्यापेक्षा भराभर वाचायला लागली होतीस, ते मी विसरले नाही.

त्या दिवसाचं मला लोकांनी सांगितलं ते असं. पहिली पाळी सुटायच्या आधी चंद्रभान आला. सुगंधाच्या शेजारच्या खोलीत राहतो तो. कुशलने "चाचा" म्हणून त्याच्या अंगावर उडी घेतली आणि तू कुशलला जाऊ दिलंस. सुगंधा कंपनीतून आपल्या दोघा मुलांना न्यायला आली तर छोटी आहे, कुशल नाही. चंद्रभान त्याला चपला घ्यायला बोईसरच्या बाजारात घेऊन गेला होता, स्वतःचा फोन खोलीत चार्जिंगला लावून. अंधार पडेपर्यंत सगळी चाळ शोधत होती. नाल्यात काठ्या घालून पाहिलं म्हणे. मी पालघरहून पोचले तेव्हा कुशल चंद्रभानच्या खांद्यावर बसून नवी शिट्टी वाजवत होता, आणि तू आत भांडी घासत होतीस.

सुगंधा तुला सगळ्यांसमोर काय म्हणाली ते शेजारणीने सांगितलं. "अपना होता तो जानती." तू मला सांगितलं नाहीस. तू गोधड्यांच्या घड्या केल्यास, झोळीच्या दोऱ्या सोडून खुंटीला लावल्यास आणि म्हणालीस, "दीपे, मी उद्या जाते." मला वाटलं, पाड्यावर जातेस, दोन दिवसांनी येशील. तू प्रदीपभाऊजींबरोबर थेट भट्टीवर गेलीस.

ताई, आपल्या पाड्यावर पोर ज्याच्याकडे हात पसरेल त्याच्या कडेवर जातं. कापणीत मी कुणाकडे जेवले आणि कुणाकडे झोपले हे आईला सकाळी कळायचं, आणि ती कधी घाबरली नाही. तुला दुसरी रीत कुणी सांगितलीच नव्हती. मूल कुणाच्या हातात द्यायचं आणि कुणाच्या नाही, हा धडा नेमका त्याच दिवशी पालघरला होता, आणि तो ऐकायला मी गेले होते.

बाकी इथे सगळं ठीक आहे. तू लवकर ये. रूपलताईंना मी सांगितलं आहे की तुझ्या सासूबाईंना बरं नाही.

तुझी,
दीपा

⁂

सरावली,
१५ डिसेंबर

प्रिय ताई,

विश्रामभाऊंना विचारलं, "पत्र दिलंत का?" ते म्हणाले, "दिलां नाय तं काय, चहाबरोबर खाल्लां?" मग म्हणाले, "घेतलां, कमरेला खोचलां, आन् परत विटा थापाया बसली. येक शबूद नाय." मी म्हटलं, "चेहरा कसा होता?" तर म्हणाले, "आगो, मातीन् भरलेला! त्यात काय दिसनार?" त्यांनी तुझे हात मात्र पाहिले होते. भेगा पडल्यात म्हणाले. ह्या पत्राबरोबर व्हॅसलीनची डबी देते आहे. ती प्रदीपभाऊजींना टाचांना लावायला देऊ नकोस.

संस्थेकडून पेटी आली. रंगीत ठोकळे, हातबाहुल्या, वजनकाटा आणि सहा तक्ते. 'आपले घर' नावाच्या तक्त्यावर सोफा आहे, फ्रीज आहे आणि आंघोळीला पांढरा टब आहे. पोरांनी त्या टबाकडे बोट दाखवून "नाव" म्हटलं, मी पण म्हटलं, हो, होडी. ठोकळ्यांचं काय केलं असेल? कंपनी बांधली. एक जण गेटवर उभा राहतो आणि दुसऱ्यांना आत सोडत नाही. "आयकार्ड दिखाओ! बिना आयकार्ड अंदर नहीं!" एकीने हातबाहुलीच घालून दाखवली, म्हणाली, "ये मेरा आयकार्ड." तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला एकटीला हसू आलं आणि नंतर फार वाईट वाटलं.

पेटी चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. रूपलताई आमच्यासाठी धडपडतात. आमचं मानधन, पोरांची खिचडी, प्रशिक्षण, सगळं त्या मुंबईच्या कार्यालयाशी भांडून आणतात. पण पेटीतलं काहीही मी काढलं तरी ते वापरायला मला दोनच हात. एकाला शूला न्यावं तर दुसरा भिंतीवर चढतो. पाळणाघरात दोन बायका असल्याच पाहिजेत असा संस्थेचा नियम आहे, आणि तो बरोबर आहे हे मला आता पाठीतून कळतं.

रूपलताईंनी फोनवर विचारलं, "सासूबाई कशा आहेत?" मी म्हणाले, "चालताना दम लागतो." मागच्या वेळी गुडघे होते. तुझ्या सासूला मी इतकी आजारी केली आहे की तिने ऐकलं तर काठी घेऊन सरावलीपर्यंत चालत येईल.

त्यांनी तुझ्या जागी एका मुलीला पाठवलं होतं. किंजल नाव. केळव्याच्या वाडीतली आहे. बारावीनंतर बालवाडीचा कोर्स केला आहे आणि तिला नोकरी हवी आहे. पिशवीभर चिकू घेऊन आली. नीटनेटकी आहे, आवाज हळू आहे. तिने विचारलं, "आतल्या खोलीत कोण असतं?" मी म्हणाले, "माझी ताई." ती म्हणाली, "मला पाहू द्याल?" मी म्हणाले, "आत्ता नको, झोपलेत." ताई, आत कुणीच नव्हतं.

हे तुला सांगायचं नव्हतं. तू गेल्यापासून मी तान्ही मुलं घेणं थांबवलं आहे. थोड्या दिवसांसाठी. तू आलीस की पुन्हा घेऊ, असं सगळ्या आयांना सांगितलं आहे. आतल्या खोलीत तुझी चटई आहे तशीच आहे. मी दुपारी तिथे जाऊन बसते. तेलाचा आणि दुधाचा वास अजून येतो, पण कमी झाला आहे.

किंजलचे चिकू गोड होते. मी तिला फोन केलेला नाही.

तुझी,
दीपा

⁂

सरावली,
१४ जानेवारी

प्रिय ताई,

तिळगूळ पाठवते आहे. विश्रामभाऊंनी वाटेत खाल्ले नाहीत तर पोचतील.

तुझा निरोप त्यांनी दिला. टेम्पो चालूच ठेवून, खिडकीतून दिला. "तुजी बहीन बोलली, मी परत कुनाचां पोर हातात घ्येनार नाय. आमची येवढीच पोस्ट." मी रडायला लागले तशी त्यांनी टेम्पो बंद केला. खाली उतरले. म्हणाले, "आगो, रडते कशाला? आजून हाय निरोप. मी जाया निघालो ना, तवा मागनं आली, आन् इचारते कशी, छोटीला दात आला का?"

ताई, हे तू विचारलंस! मी तिथेच रस्त्यात हसायला लागले. विश्रामभाऊ म्हणाले, "आता हसते. तुमचां काय खरां नाय दोगींचां."

मग त्यांनी विचारलं, "तं काय सांगू? आला का दात?"

आणि मला सांगता येईना. सुगंधाच्या छोटीला मी दिवाळीनंतर पाहिलेलं नाही. तान्ही घेत नाही म्हटल्यावर सुगंधाने तिला आणणं बंद केलं. नंतर कुशलही येईनासा झाला. मी समजले की त्या दिवशीचा राग आहे. मला थोडं बरंही वाटलं होतं. तिच्या मुलांना तेल लावायला मला नको होतं.

उद्या चाळीत जाऊन येते. दाताचं कळवते. तू विचारलंस म्हणजे तुझं मन इथे आहे. तुझी जागा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. रूपलताईंकडे मी ह्या महिन्याअखेरची मुदत मागून घेतली आहे. तोवर दुसरी बाई आली नाही तर पाळणाघराची मदत थांबेल असं मुंबईचं कार्यालय म्हणतं. पण तू येशील. तुला येताना काही आणायची गरज नाही.

तुझी,
दीपा

⁂

सरावली,
१६ जानेवारी

ताई,

काल गेले होते.

सुगंधाच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मी परत फिरणार होते, तेवढ्यात आतून गाणं ऐकू आलं. तुझं गाणं, मोराचं. शब्द अर्धे चुकलेले. खिडकीला पत्रा लावला आहे, त्याच्या फटीतून पाहिलं.

छोटी झोळीत होती. कुशल खाली बसला होता, भिंतीला टेकून. झोळीची दोरी त्याने पायाच्या अंगठ्याला बांधली होती, तू बांधायचीस तशी. हाताने बिस्किट पाण्यात बुडवत होता. छोटी रडली की अंगठा हलवायचा आणि गायचा. चार वर्षांचं पोर. मी "कुशल" म्हणून हाक मारली तर त्याने तोंडावर बोट ठेवलं. "दीदी, चुप. सोएगी तो मैं खेलूँगा."

चंद्रभान शेजारी रात्रपाळी करून झोपला होता. त्याला उठवलं. किल्ली त्याच्याकडेच होती. "भाभी देकर जाती है, कुछ हो जाए तो," म्हणाला. ज्याच्या हातात तू कुशलला दिलंस म्हणून एवढं झालं, त्याच्याच हातात ती रोज दोन्ही मुलांची किल्ली देऊन जाते.

तीनला सुगंधा आली. मी भांडायच्या तयारीने बसले होते. ती म्हणाली, "दीदी, आपने ही तो मना किया था. ठेकेदार छुट्टी नहीं देता. मैं कहाँ रखूँ?" मी म्हटलं, "उस दिन मेरी बहन को जो बोला..." तर तिने छोटीला पाजायला घेतलं. मग म्हणाली, "उस दिन मैं पागल हो गई थी. आंटी कब आएगी? ये उसी से सोती थी."

माफी मागितली असं मी तुला लिहिणार नाही. एवढंच म्हणाली.

मी घरी आले आणि जेवले नाही. मला सारखी तू दिसत होतीस. आईबाबा विटांवर, मी झोळीत, आणि तू आठ वर्षांची. शाळेत नाव होतं, पण दोरी तुझ्या पायाला. लोक मला विचारतात, "घरात पहिली पदवीधर तू, कसं जमवलंस?" मी म्हणायचे, मेहनत. शिकून आल्यावर मी हे पाळणाघर काढलं ते कुठल्याच मुलीच्या पायाला दोरी बांधली जाऊ नये म्हणून. आणि आता दोरी आहे, फक्त मुलीऐवजी मुलगा आहे. तान्ह्यांच्या खोलीत तुझी चटई अंथरलेली आहे, आणि खोली रिकामी आहे.

छोटीला दोन दात आले आहेत. खालचे.

दीपा

⁂

सरावली,
१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मागच्या पत्राला तुझा निरोप आला नाही. विश्रामभाऊ म्हणाले, "ह्या टायमाला वाचलां. माझ्यासमोर. दोनदा वाचलां. मंग गेली पानी भराया." मी तुझ्या निरोपासाठी थांबले होते का, असं कुणी विचारलं तर हो. पाच-सहा वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आले. मग थांबणं सोडलं.

मी रूपलताईंना भेटायला पालघरला गेले. खरं सांगितलं. चंद्रभान, कुशल, सुगंधाचे शब्द, तू कशी गेलीस, सासूबाईंना काही झालेलं नाही, सगळं. मला वाटलं होतं त्या समजुतीने घेतील. त्या चिडल्या. "अगं, मग दोन महिने मी मुंबईला काय लिहीत होते? त्यांच्या गुडघ्यांसाठी मी तेल सुद्धा विचारून ठेवलं होतं!" नंतर त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, "तुझ्या बहिणीची तक्रार माझ्याकडे कुणीच केलेली नाही. ती आली तर मी तिला नाकारणार नाही. पण ती येणार आहे का, हे तू मला सांग." मी सांगितलं की ती नाही म्हणाली आहे. ताई, हे मोठ्याने बोलल्यावर मला पहिल्यांदा खरं वाटलं. तू मला निरोप पाठवला होतास. मी त्यातला दाताचा भाग तेवढा ठेवला आणि आधीचा ऐकलाच नाही.

तुझ्या जागी मी असते तर आले असते का, ते माहीत नाही. तुला कुणी परत ये म्हणून ओढू नये, हे मला आता समजतं. मी तुला ओढत होते, आणि त्याला पाळणाघराचं काम म्हणत होते. खरं तर मला तू हवी होतीस. दुपारी पोरं झोपल्यावर शेजारी बसायला, माझ्या वेणीतून तेलकट बोटं फिरवायला, "दीपे, आता पुस्तक ठेव आन् चार घास खा" म्हणायला. त्यासाठी संस्थेचा नियम लागत नाही, आणि त्यापायी दुसऱ्यांची तान्ही कुलपात राहायला नकोत.

इथे भिंतीवर आम्ही आता फोटो लावले आहेत. प्रत्येक मुलाच्या फोटोखाली त्याला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांचे. आयांनी स्वतः ठरवून दिले. चंद्रभान डोक्याला तेल लावून, कंगवा फिरवून, शर्टाचं वरचं बटण लावून फोटो काढून आला. बायका म्हणाल्या, "लड़की देखने जा रहे हो क्या?" कुशलच्या फोटोखाली सुगंधाने स्वतःच्या हाताने चंद्रभानचा फोटो चिकटवला. मला तिच्यावरचा राग अजून पूर्ण सोडता आलेला नाही, पण तिचं दुखणंही मी पाहिलं आहे. दोन्ही एकदम सांभाळायचं कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

तू होळीला पाड्यावर येशील तेव्हा मी येईन. आधी सांगून नाही, तशीच येईन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी ओट्यावर बसेन. तुला हवं तर भाकरी दे. इकडे यायचं झालं तर माझ्या खोलीवर ये, पाळणाघरात नाही. ताई म्हणून ये. मला तुझी फार आठवण येते, हे मी दोन महिने दुसऱ्याच शब्दांत लिहीत होते.

तुझी चटई मी घरी आणली आहे. ह्या सोमवारी किंजलला रुजू करून घेतलं. तान्ह्यांची खोली तिला दिली, झोळी कशी बांधायची, कुणाला पोटावर झोप लागते, सगळं दाखवलं. तिने एकदाही "तुमची ताई कुठे आहे" असं विचारलं नाही. आज सकाळी पहिल्या पाळीच्या बसआधी सुगंधा आली आणि तिने छोटीला किंजलच्या हातात दिलं. छोटी खूप रडली. किंजल तिला घेऊन दारापुढे फेऱ्या मारत राहिली, आणि मी बाहेरच्या खोलीत कुशलला त्याचे ठोकळे काढून दिले.

तुझी,
दीपा